दुखण्याचे वाचन

मराठीत दुखण्याला शब्दांची वाण नाही. कळ येते, चमक भरते, तिडीक उठते, रग लागते, ठणका लागतो, सणक जाते, जखम ठसठसते, कातडी हुळहुळते, पायाला मुंग्या येतात, पोटरीत गोळे येतात, कंबरेत उसण भरते. यातील प्रत्येक शब्दाचे क्रियापद भाषेने आधीच ठरवून ठेवले आहे. उसण भरते, तिडीक मात्र उठावी लागते. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात एक तक्रार केली होती. राजपुत्राची तगमग आणि वृद्ध राजाचे दुःख व्यक्त करू शकणाऱ्या इंग्रजी भाषेपाशी साध्या डोकेदुखीसाठी शब्द नाहीत, अशी ती तक्रार. वर्गात या निबंधाविषयी बोलताना मराठीच्या वतीने थोडा अभिमान बाळगण्याची मुभा मी नेहमीच घेत आलो आहे.

या अभिमानाचा व्यवहारात उपयोग किती, हे पाहण्याची वेळ २०२३ च्या जुलै महिन्यात आली. डाव्या कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने, थेट पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्यापर्यंत उतरणारे एक दुखणे त्या महिन्यात सुरू झाले. खोकला आला किंवा शिंक आली की तिडीक उठे. बसले की वाढे, उभे राहिले की थोडे कमी होई. मोजे चढवणे आणि चपलेत पाय सरकवणे ही दोन कामे त्या काळात दिवसातील सर्वांत मोठी कामे झाली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘शून्य ते दहामध्ये किती?’ तिडीक, रग आणि मुंग्या हे तीन निरनिराळे अनुभव मी त्यांच्यासमोर ठेवले होते. त्यांची बेरीज ‘सात’ अशी नोंदवली गेली.

यात डॉक्टरांचा दोष नाही. वेदनेला शब्दांत पकडण्याचा प्रयत्न वैद्यकानेही केलेला आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये ‘मॅकगिल वेदना प्रश्नावली’ प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द आहेत आणि ते २० गटांत लावलेले आहेत. ठसठसणारी, टोचणारी, भाजणारी, ओढणारी, थकवणारी, भीती घालणारी अशा वेदनांच्या जाती तिच्यात आहेत. रुग्णाने कोणता शब्द निवडला यावरून दुखण्याचे मूळ कुठे असावे याचा अंदाज बांधता येतो, ही त्यामागील भूमिका. शब्दाची निवड हीच माहिती असते, हे तत्त्व साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ७८ शब्द वाचून दाखवायला कोणापाशी वेळ असतो? तेथे आकडाच चालतो.

गावात मात्र आकडा चालत नाही. तेथे निदान आधीच झालेले असते. ‘सर, मणक्यात गॅप आला असंल’ हे वाक्य मी त्या पंधरा दिवसांत महाविद्यालयाच्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांकडून ऐकले. ‘गॅप’ या शब्दाने मराठी बोलीत जे स्थान मिळवले आहे, त्यावर एखाद्या भाषाशास्त्रज्ञाने लिहायला हवे. दोन मणक्यांमध्ये पोकळी पडते आणि ती भरून काढायची असते, असे चित्र या शब्दामागे आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलट घडते. दोन मणक्यांमधील चकतीची उंची कमी होते, म्हणजे अंतर घटते, आणि चकतीचा काही भाग मागे सरकून नसेच्या मुळाशी जाऊन बसतो. या चकतीला आपल्याकडे ‘गादी’ म्हणतात आणि हा शब्द तुलनेने अचूक आहे. बाहेरून चिवट तंतूंचे कडे, आत पाण्याने भरलेला मऊ गर. प्रौढ माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण आजूबाजूच्या हाडातून झिरपत येते, त्यामुळे तिचे भरून येणेही सावकाशीचे असते.

या दुखण्याचे जुने नाव ‘गृध्रसी’. गृध्र म्हणजे गिधाड. रुग्णाची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव, असे काही जण सांगतात. गिधाडाने चोच मारावी तशी वेदना होते म्हणून, असे दुसरे सांगतात. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत ही व्याधी वातविकारांत येते आणि पाय उचलण्याला अडथळा होतो असे लक्षण सुश्रुतात दिलेले आहे. आजही डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवून सरळ पाय वर उचलून पाहतात. ‘सायटिका’ हा शब्द मात्र ग्रीकातून लॅटिनमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ नितंबाच्या हाडाशी निगडित एवढाच आहे. शेक्सपिअरच्या ‘टायमन ऑफ अथेन्स’मध्ये नायक आपल्या नगरीला शाप देताना तेथील वृद्ध प्रतिष्ठितांना सायटिकाने पांगळे करावे असे म्हणतो, तेव्हा हे दुखणे नसेचे आहे याची कोणाला कल्पना नव्हती. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली सांध्याचे दुखणे आणि नसेचे दुखणे या दोहोंत फरक केला. त्या नसेवर गादीचा दाब येऊ शकतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडले. त्याआधी शस्त्रक्रियेत सापडणारे गादीचे तुकडे पुष्कळदा गाठ म्हणून नोंदवले जात. वस्तू डोळ्यांसमोर होती, वाचन वेगळे होते.

माझ्या बाबतीत वाचनाचा प्रश्न आणखी एका पायरीने अवघड झाला. एमआरआय झाला. अहवालात चौथ्या आणि पाचव्या कंबरमणक्यांच्या मध्ये, डाव्या बाजूला, नसेच्या मुळाला खेटून सुमारे एक सेंटिमीटरची द्रवाने भरलेली पिशवी दिसत असल्याचे लिहिले होते, आणि तिचा गादीशी संबंध असावा असेही नोंदवले होते. म्हणजे गादी सरकलेली नव्हती. गादीला लागून गळू म्हणावे तशी गोष्ट तयार झाली होती. याला ‘डिस्क सिस्ट’ म्हणतात. हा प्रकार दुर्मीळ आहे. जपानमधील काझुहिरो चिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले आणि नाव दिले. नोंदवलेल्या रुग्णांत आशियाई देशांतील लोक, आणि त्यातही तरुण पुरुष, अधिक आहेत. ही पिशवी का तयार होते याविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे गादीच्या जवळच्या बारीक शिरेतून रक्त साकळते आणि त्याभोवती आवरण तयार होते. दुसऱ्या मताप्रमाणे गादीचा बाहेर आलेला तुकडा मऊ होऊन विरघळतो आणि शरीर त्याभोवती पडदा विणते. आतील द्रव कधी रक्तमिश्रित निघतो, कधी पाण्यासारखा.

अहवालाच्या तळाशी एक ओळ होती. रुग्णाच्या प्रत्यक्ष लक्षणांशी ताडून पाहावे, अशा अर्थाची. ही ओळ अशा जवळजवळ प्रत्येक अहवालाखाली असते आणि म्हणूनच ती कोणी वाचत नाही. मला ती पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली. संहिता एकटी अर्थ देत नाही, तिला संदर्भाशी भिडवावे लागते, ही गोष्ट वर्षानुवर्षे आपण फळ्यावर लिहीत असतो. येथे ती एका क्ष-किरणतज्ज्ञाने नेहमीच्या ठोकळेबाज भाषेत लिहून ठेवली होती. तिला आधारही भक्कम आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढून पाहिले, तेव्हा त्यांतील ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला आणि २७ टक्क्यांत गादी स्पष्टपणे पुढे आलेली होती. त्यांना दुखत काहीच नव्हते. चित्रात दिसते ते सगळेच दुखते असे नाही.

मी ज्या शल्यचिकित्सकांना प्रथम भेटलो, त्यांचा सल्ला शस्त्रक्रियेचा होता. त्यांचा युक्तिवाद सुसंगत होता आणि तो येथे नीट मांडणे मला आवश्यक वाटते. सरकलेली गादी कालांतराने आपोआप आक्रसते हे बहुतेक वेळा खरे असले, तरी पिशवीविषयी तसे सांगता येईल इतका अनुभव कोणाकडेही नाही. नोंदलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांवर शस्त्रक्रिया झाली आहे आणि तिचे निकाल चांगले आहेत. पिशवी काढली की नसेवरचा दाब जातो. ‘सर, कारण समोर दिसतंय, मग थांबायचं कशाला?’ असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

दुसरे मत घ्यायला मी पुण्याला गेलो. तेथील डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरण्याआधी मला खोलीत चालायला लावले. आधी चवड्यांवर, मग टाचांवर. मग दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायला सांगून त्यांवर आपल्या बोटाने दाब दिला. गुडघ्यांवर आणि टाचेच्या शिरेवर हातोडी मारून पाहिली. लघवीला, शौचाला काही त्रास आहे का, बैठकीच्या जागी बधिरपणा आहे का, हे विचारले. एवढे झाल्यावर त्यांनी फिल्म पाहिली. ‘नस दुखतेय, पण नस काम करतेय. पायात ताकद पूर्ण आहे. त्यामुळे आपल्याकडे वेळ आहे,’ असे ते म्हणाले. ‘आपल्याकडे वेळ आहे’ हे वाक्य त्या दोन महिन्यांत मी प्रथमच ऐकत होतो.

त्यांनी मांडलेली योजना साधी होती. सहा ते आठ आठवडे शस्त्रक्रियेशिवाय काढायचे. सूज आणि वेदना कमी करणारी औषधे मोजक्या काळापुरती. अंथरूण धरायचे नाही. झेपेल तेवढे चालत राहायचे. फिजिओथेरपी. तेवढ्याने भागले नाही तर सीटी स्कॅनच्या आधाराने सुई घालून पिशवीतील द्रव काढायचा किंवा नसेच्या मुळाशी स्टेरॉईडचे इंजेक्शन द्यायचे. असे करून बरे झालेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. काहींमध्ये पिशवी पुन्हा भरल्याच्याही आहेत. तेही जमले नाही तर शस्त्रक्रिया आहेच. कोणतेही दार बंद होत नव्हते. मात्र तीन अटी होत्या. पाऊल वर उचलता येईनासे झाले, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, अथवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. त्या क्षणी थांबण्याचा पर्याय संपतो.

परतताना मी पहिल्या डॉक्टरांच्या आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्यात नेमका फरक कुठे आहे याचा विचार करत होतो. दोघांनी एकच फिल्म पाहिली होती. दोघांनाही पिशवी दिसली होती. एकाच्या वाचनात ती काढून टाकायची गोष्ट होती, तर दुसऱ्याच्या वाचनात ती काळाच्या ओघात बदलू शकणारी गोष्ट होती. एकाने चित्र वाचले आणि दुसऱ्याने कथानक, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते पहिल्या डॉक्टरांवर अन्याय करणारे होईल. त्यांच्यापाशीही कथानक होते, फक्त त्याचा शेवट त्यांना आधी लिहायचा होता.

आधार म्हणून शोधले तेव्हा सापडले ते मुख्यत्वे सरकलेल्या गादीविषयी होते. नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण एका वर्षानंतर अधिक बरे होते, चार वर्षांनंतर मात्र हा फरक लक्षणीय राहिला नव्हता. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र सायटिकाचे २८३ रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर मिळाला. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबायला सांगितलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांना अखेर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही तेथेच नमूद आहे. म्हणजे थांबणे हा सगळ्यांना झेपणारा मार्ग नाही आणि शस्त्रक्रिया हा पराभव नाही. अंथरुणाविषयी तर १९९९ च्या एका डच अभ्यासाने पूर्वापार समजूतच मोडीत काढली: पडून राहिलेल्यांना पडून न राहिलेल्यांपेक्षा अधिक आराम पडला नाही. नसेच्या दुखण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिनचा सायटिकातील उपयोग साखरेच्या गोळीहून अधिक दिसला नाही, असे २०१७ मधील एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळले. चक्कर मात्र अधिक जणांना आली.

पिशवीविषयी आहेत ते बहुतांशी एकेका रुग्णाचे वृत्तांत. काहींमध्ये ती कोणत्याही हस्तक्षेपाशिवाय आटली किंवा नाहीशी झाली असे नोंदवलेले आहे. हे वृत्तांत वाचताना मला हस्तलिखितांच्या अभ्यासाची आठवण येई. जे टिकले त्यावरून जे होते त्याविषयी बोलणे किती जोखमीचे असते, हे त्या क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत असते. ज्याची पिशवी निमूटपणे आटली, त्याचा दुसरा एमआरआय कोण काढणार? आणि एखाद्याने काढलाच, तर आश्चर्य म्हणून तेवढाच छापला जाणार. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी संभवते. अशा पुराव्यावर निष्कर्ष काढता येत नाही. त्यावर फार तर धीर धरता येतो, आणि तोही पायात ताकद असेपर्यंत.

घरी हे पटवणे सोपे नव्हते. आईच्या आठवणीत शेजारचे एक गृहस्थ होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे पाठीचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर ते काठीशिवाय चालले नाहीत. त्यामुळे ऑपरेशनला तिचा ठाम विरोध. पण नुसते थांबण्यालाही तिचा विरोधच. ‘अरे, दुखतंय आणि तू काहीच करत नाहीस, असं कसं चालेल?’ मामांचे म्हणणे, त्यांच्या ओळखीचा एक माणूस नस चोळून जागेवर बसवतो. पत्नीने फक्त एवढेच विचारले, ‘पाऊल पडलं तर परत येतं का?’ हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. दाब वेळेत निघाला तर पुष्कळदा ताकद परत येते, पण हमी देता येत नाही, असे उत्तर मिळाले होते. ते मी तिला तसेच सांगितले. यानंतर रोज सकाळी मी टाचांवर चालत स्वयंपाकघरापर्यंत जाई आणि ती ओट्यापाशी उभी राहून माझ्या डाव्या पावलाकडे पाही. अंगठा जमिनीपासून वर राहिला की चहा ठेवला जाई. त्या काळात आमच्या घरात या विषयावर झालेले बोलणे बहुतेक एवढेच.

थांबण्याविषयी मला जे कळले ते या सकाळींतून कळले. शस्त्रक्रियेचा निर्णय एकदाच घ्यावा लागतो. तारीख ठरते, कागदावर सही होते, आणि त्यानंतरचा भार दुसऱ्या कोणाच्या हातात जातो. थांबण्याचा निर्णय मात्र रोज नव्याने घ्यावा लागतो, आणि तो घेणारे आपणच असतो. काल थांबणे बरोबर होते म्हणून आज ते बरोबर असेलच असे नाही. उद्या पाऊल पडले तर सगळे विचारणार, ‘वेळेवर ऑपरेशन का नाही केलं?’ ऑपरेशनमध्ये बिघडले तर नशिबाला किंवा डॉक्टरांना बोल लावता येतो. थांबण्यात बिघडले तर बोल लावायला दुसरे कोणी नसते. पुष्कळ माणसे केवळ वेदनेने नव्हे, तर या एकटेपणाने टेबलावर जात असावीत, असे मला वाटू लागले.

आणि थांबणे म्हणजे काही न करणे, हेही खरे नव्हे. सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिका मी ओट्यावर ठेवून उभ्याने तपासल्या. तास घेताना टेबलाला रेलायचे, फळ्याच्या तळाशी लिहायचे नाही, दर वीस मिनिटांनी खिडकीपर्यंत जाऊन यायचे. एसटीचा प्रवास बंद. पुस्तक डोळ्यांच्या उंचीवर धरता यावे म्हणून ग्रंथालयातील एक उभे टेबल मागून घेतले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी चालण्याचे अंतर वहीत लिहायला लावले. ऑगस्टच्या शेवटी ते घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत होते. सप्टेंबरच्या मध्यात पोस्टापर्यंत गेले, मग एका सर्दीने आणि शिंकांनी पुन्हा दुकानापाशी आले. त्या आठवड्यात मी शस्त्रक्रियेच्या खर्चाची चौकशी करून ठेवली. ऑक्टोबरमध्ये दुखणे पायातून वर सरकू लागले. आधी पाऊल सुटले, मग पोटरी. अखेरीस कुल्ल्यातच काय ते उरले. वेदना टोकाकडून मुळाकडे परतणे हे चांगले चिन्ह मानतात, असे बाईंनी सांगितले. वेदनेला माघार घेता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मुंग्या मात्र अंगठ्यात बरेच दिवस राहिल्या. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, ही म्हण रचणाऱ्याला नसेचे दुखणे होते की काय, असा एक निरुपयोगी विचार तेव्हा मनात आला.

सुई घालण्याची वेळ आली नाही. २०२४ च्या जानेवारीत दुसरा एमआरआय झाला. पिशवी आटून जेमतेम दिसेल एवढी राहिली होती, आणि नसेचे मूळ मोकळे होते. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. ‘का आटली?’ मी विचारले. ते म्हणाले, ‘द्रव शोषला गेला. का शोषला गेला, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.’ ज्यांच्या सल्ल्याचा विजय झाला असे सहज म्हणता आले असते, त्यांनी तो विजय आपल्या नावावर घेतला नाही. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. आपल्या क्षेत्रात एखाद्या कवितेविषयी ‘हे असे का घडते ते मला सांगता येत नाही’ असे म्हणण्याची हिंमत किती जणांपाशी असते?

लोकांना मात्र कारण हवे होते. मामांनी तेलाला श्रेय दिले, आईने नवसाला. एका सहकाऱ्यांनी ‘सुंठीवाचून खोकला गेला’ असे म्हणून विषय संपवला. म्हण योग्य वेळी आली, तरी ती मला पुरती पटली नाही. तिच्यात फुकट सुटका झाल्याचा सूर आहे. सहा महिने रोज सकाळी पावलाकडे पाहणे याला फुकट म्हणता येत नाही. आणि ज्याची पिशवी आटली नसती, त्याने थांबून गुन्हा केला असे ठरत नाही. तीच फिल्म, तीच लक्षणे आणि तोच धीर असूनही त्याला टेबलावर जावे लागले असते. बरे झालेल्या माणसाने आपल्या बरे होण्याला गोष्टीचा आकार देऊ नये, कारण ऐकणारा ती गोष्ट आपल्या पाठीवर लावून पाहतो. सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस ॲज मेटॅफर’ या पुस्तकात आजाराला रूपकांतून मोकळे करण्याचा आग्रह धरला होता. वर्गात मी या आग्रहाविरुद्ध बोलत आलो आहे, कारण रूपकावाचून बोलणे माणसाला शक्य नाही असे मला वाटते. आजही तसेच वाटते. पण बरे होण्याचे रूपक करणे हे आजाराचे रूपक करण्याइतकेच जोखमीचे आहे, एवढी भर मी त्यात घालू इच्छितो.

परवा दुसऱ्या एका महाविद्यालयातील प्राध्यापिकांचा फोन आला. त्यांच्या यजमानांना हेच दुखणे. अहवालात पिशवी नाही, सरकलेली गादी आहे. ‘सर, तुम्ही ऑपरेशन न करता बरे झालात असं ऐकलं. कोणते डॉक्टर?’ डॉक्टरांचे नाव मी दिले. त्याबरोबर तीन प्रश्नही लिहून घ्यायला सांगितले. पायात ताकद पूर्ण आहे का? थांबलो तर किती दिवस, आणि त्या काळात नेमके काय करायचे? आणि कोणत्या लक्षणानंतर थांबायचे नाही? त्यांनी ते लिहून घेतले आणि जरा घुटमळून विचारले, ‘पण मॅडमना, म्हणजे तुमच्या घरच्यांना, भीती नाही का वाटली?’ वाटत होती, मी म्हणालो. ‘मग त्यांनी काय केलं?’ त्या रोज सकाळी माझ्या पावलाकडे पाहत असत, असे मी सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, ‘टाचांवर चालायला लावायचं, असं ना? आत्ताच सांगते त्यांना.’